फुटबॉलवर बोलू नये

आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात भेटीचे पास देणारी एक खिडकी होती आणि खिडकीच्या वर एक पाटी होती. पेंटरकडून नीट रंगवून घेतलेली. पहिली ओळ : 'थुंकू नये.' दुसरी : 'गोंगाट करू नये.' आणि तिसरी, वरच्या दोन्हींपेक्षा ठळक : 'फुटबॉलवर बोलू नये.'

आता कोल्हापुरात असली पाटी लावायची म्हणजे कमालच. आमच्या शिवाजी पेठेत तर पोरगं आधी बॉलला लाथ घालतं आणि मग चालायला लागतं. बाहेरगावचे पाहुणे ती पाटी वाचून खो खो हसायचे. पेठेतले पैलवान गडी मात्र तिच्याखाली शाळेतल्या पोरांसारखे गप उभे राहायचे, कारण खिडकीत आक्का असायची.

आक्काला नाव होतं, पगारपत्रकात ते लिहिलेलंही असणार. पण सत्तरीचे म्हातारे, मोठमोठे सर्जन, ट्रस्टी, अँब्युलन्सचे ड्रायव्हर, सगळे तिला आक्काच म्हणायचे. ती मात्र सगळ्या जगाला 'पावणं' म्हणायची. एकदा कुणीतरी बडा साहेब थेट खिडकीशी आला. मागे दोन शिपाई. आक्का म्हणाली, "पावणं, लाइन तिकडनं सुरू हुती." साहेबानं आपण कोण ते सांगितलं. आक्का म्हणाली, "असूद्या की. आजारी कोण हाय ते सांगा."

ती रिटायर होऊन दोन वर्षं झाली. मी कुणालाही तिच्याबद्दल सांगायला लागलो की बायको म्हणते, झालं, आता जेवण गार होणार.

अंगानं ठेंगणी, आवाजानं सहा फूट. दाढेखाली लवंग. साठी उलटली तरी डोळ्याला चष्मा नाही. आणि गरज नव्हती असं मुळीच नाही. कागद हातभर लांब धरून, मान मागे टाकून वाचायची. आमच्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदा स्वतः येऊन सांगितलं, आक्का, फुकट करून देतो, घ्या की चष्मा. तर त्यांच्यावरच उखडली. "आमच्या घरात चष्मा येत न्हाय!" डॉक्टर बिचारे पुन्हा त्या खिडकीवरून गेले नाहीत, मागच्या दारानं जायचे.

दवाखान्याचंही थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा दवाखाना कुण्या एका शेठचा नाही. कुणी जागा दिली, कुणी खाट दिली, कुणी पंखा दिला. वॉर्डातल्या प्रत्येक पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं आहे, आणि पंखा चालू असला की ते वाचता येत नाही. आक्काला हे फार आवडायचं. "दान आसंच असावं पावणं," म्हणायची, "वारं लागतंय तवर नाव दिसू ने."

तालुक्यांच्या गावांना ट्रस्टचे छोटे दवाखाने आहेत. तिथली सिस्टर, तिथला डॉक्टर जमेल ते तिथंच बरं करतात आणि नाही जमलं की गाडीत घालून कोल्हापूरला पाठवतात. त्यामुळे आमच्या वॉर्डात दोन जातीचे पेशंट. एक कोल्हापूरचा. त्याला भेटायला अख्खी गल्ली येते, भावकी येते, तालमीची पोरं येतात, शहाळी येतात. एकानं तर पोटाचं ऑपरेशन झालेल्या मेव्हण्याला किटलीभर पांढरा रस्सा आणलेला. आक्कानं किटली जप्त केली आणि मागच्या शेडमध्ये राहणाऱ्या बाहेरगावच्या नातेवाइकांना वाढली. मेव्हण्याच्या वाट्याला रिकामी किटली आली. आणि दुसरा पेशंट तो लांबचा, शाहूवाडीच्या डोंगरातला, सीमेपलीकडचा. त्याला गाडी आणून सोडते आणि मग पंधरा पंधरा दिवस त्याच्या खाटेशी पाखरूसुद्धा फिरकत नाही.

आक्काचे पास दोन रंगांचे. आपल्या माणसाला भेटायचा गुलाबी. आणि त्याच्यासोबत सक्तीनं एक पिवळा. पिवळ्यावर दुसऱ्याच कुठल्यातरी खाटेचा नंबर. ज्याला कुणी भेटायला येत नाही त्याचा. आधी पिवळा, मग गुलाबी. आधी परक्याशी दहा मिनिटं बसून यायचं, मगच आपल्या माणसाचं तोंड बघायचं. ह्याला ती 'उसना पेशंट' म्हणायची.

ही पद्धत तिनं काही विचार करून काढलेली नव्हती. झालं असं, की एका गावातनं टेम्पो भरून बावीस माणसं त्यांच्या पाटलांना बघायला आली. पाटलांना बैलानं ढकललेलं. आता आमच्या जिल्ह्यात दगड उचलला की खाली पाटील! त्या दिवशी वॉर्डात चार पाटील होते. बावीस जण शिरले ते सरळ भलत्याच पाटलाच्या खाटेशी. त्या म्हाताऱ्याच्या डोक्याला आणि डोळ्यांना पट्ट्या, त्यामुळे कुणालाच ओळख पटेना. बायका रडल्या. पुरुषांनी बैलाला शिव्या घातल्या. शहाळं फोडून पाजलं. म्हातारा सगळ्याला हूं हूं करत होता. मध्येच म्हणाला, "म्हस कशी हाय?" त्यांनी म्हशीचं सांगितलं. तासाभरानं सिस्टर आली तेव्हा उलगडा झाला, आणि मग जो दंगा झाला म्हणता! सगळे आक्काच्या खिडकीवर तुटून पडले. आक्का उठली, म्हाताऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "पावणं, ही तुमची माणसं न्हवती. बोलला का न्हाईसा?" म्हातारा म्हणाला, "नऊ दिस झालं, कोण आलं न्हवतं. म्हनलं आल्यात तर बसूद्यात की."

दुसऱ्या दिवशी आक्कानं पिवळा कागद मागवला.

लोकांनी सुरुवातीला बोंब मारली. ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, ही काय हुकूमशाही. एक ट्रस्टी जाब विचारायला आले, तर तिनं त्यांच्याच हातात पिवळा पास ठेवला. पायात सळई घातलेला एक हमाल होता, त्याच्याकडे धाडलं. तासाभरानं ट्रस्टी रमीचे तीन डाव हरून बाहेर आले आणि विषय परत निघाला नाही. आता पास मशीनमधून निघतात, पण अजून दोनच निघतात.

पिवळ्या पासात कुणाला फसवता यायचं नाही. परत आलं की आक्का परीक्षा घ्यायची. "काय जेवला? गाव कंचं? घरात कोण कोण?" एक सोन्याच्या साखळीवाला न भेटताच आला आणि ठोकून दिलं, म्हातारीनं चपाती खाल्ली. आक्का म्हणाली, "त्या म्हातारीला नळीतनं अन्न चाललंय. जावा परत." त्याला सगळ्यांदेखत परत पाठवलं.

माझी आणि तिची गाठ पडली ती भांडणानंच. मी पाटबंधारे खात्यात कारकून. दिवसभर लोकांना 'उद्या या' म्हणण्याची मला सवय, माझ्यावर कुणी नियम लावला की माझं डोकंच फिरतं. आमच्या आण्णांना, म्हणजे वडिलांना, ॲडमिट केलेलं. साखर वाढलेली, उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला. मी धावतपळत खिडकीशी गेलो, तर ही बाई माझ्या हातात पिवळा कागद देते.

"माझा बाप आत आहे," मी ओरडलो.

"मग? बाप पळून चाललाय व्हय? पायच दुखतोय न्हवं त्येचा?"

आजूबाजूचे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पास तिच्या हातात होते, त्यामुळे निमूट गेलो.

माझ्या वाट्याला आली ती शाहूवाडीकडची एक आजी. खुबा मोडलेला. घरची सगळी भाताच्या लावणीत, आणि लावणी सोडून कुणी येत नसतं. चार दिवस चुकले तर वर्षाचा भात चुकला. मी खाटेशी बसून कोण, कुठल्या खात्यातला ते सांगितलं, तर पहिला प्रश्न, "आमच्याकडं पाऊस हाय का?"

"असेल की," मी म्हणालो.

"आसंल म्हंजे? तुज्या हापिसात पावसाचं काम आन् तुला पाऊस ठावं न्हाय?"

दुसऱ्या दिवशी मी गपचूप तिकडच्या आमच्याच ट्रस्टच्या दवाखान्यात फोन लावला आणि सिस्टरला पाऊस विचारला. ती हसायला लागली. "आज पावसासाठी तिसरा फोन आहे तुमच्या कोल्हापूरचा," म्हणाली. मग मी रोज पाऊस विचारून आजीला सांगू लागलो. खोटं कशाला बोलू, गुलाबी पासापेक्षा मला पिवळाच बरा वाटायला लागला. कारण आण्णांच्या खाटेशी जायचं मी टाळायला लागलो होतो.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागणार होती. सर्जन मॅडम तरुण होत्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोन दिवस. तेवढ्यात नाही केलं तर विष वर चढेल. मग गुडघ्याखालून पाय काढायची वेळ येईल, आणि तेवढ्यावर भागेल असंही मी सांगू शकत नाही." आणि आण्णा सही करायला तयार नव्हते. "आल्या पायानं जाणार," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

सगळा घोळ त्या अंगठ्याचा होता. आमच्या घरात गणपतीला, दिवाळीला, कुणाच्या बारशाला आणि कुणाच्या बाराव्यालासुद्धा एक गोष्ट सांगितली जाते. आण्णा सतरा वर्षांचे होते. फायनल. समोर पलीकडच्या तालमीचा संघ, बरोबरी, शेवटची मिनिटं. आमचा एक गडी जखमी झाला म्हणून आण्णांना आत घेतलं. पायात बूट नाहीत, घेऊन द्यायला घरात कुणी नव्हतं. आणि अनवाणी पायाच्या त्या अंगठ्यानं त्यांनी गोल मारला. पेठेतनं खांद्यावर बसवून मिरवणूक निघाली. त्यानंतर आण्णांनी आयुष्यभर गिरणीत पट्ट्यांना तेल घातलं. दुसरं काही मिरवण्यासारखं त्यांच्याकडं नव्हतं. तोच अंगठा आता डॉक्टर मागत होते.

आमची माणसं काय कमी! रोज पन्नास जण. आत्या आली ती रडतच आली, "दादाचा पाय कापत्यात गं!" काकानं शोध लावला, कळंब्याच्या पुढं कुणीतरी पाला बांधतो, तीन दिवसांत अंगठा लाल होतो. तालमीची पोरं म्हणाली, "आण्णा, तुमचा अंगठा म्हणजे तालमीची इज्जत हाय!" मला वाटलं एकेकाला गॅलरीतून खाली टाकावं. जेवढी माणसं येत होती, तेवढे आण्णा हट्टाला पेटत होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी खिडकीशी गेलो. भांडायची ताकदच उरली नव्हती. आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि पास न देता विचारलं, "अडलंय कशात?"

मी वर बोट केलं. "पाटीवरच्या तिसऱ्या ओळीत."

तिनं मान वर करून पाटी बघितली. दाढेखालची लवंग एकीकडून दुसरीकडे गेली. मागं लाइन लागली होती.

"बोल," ती म्हणाली.

मी सांगितलं. गोल, अंगठा, बूट, मिरवणूक, सगळं. ती मध्ये एकदाच बोलली. "समोर कोण हुतं?" मी त्या तालमीचं नाव सांगितलं. तिनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं, झालं, आता आपला गुलाबी पास कायमचा गेला.

गेलाच. "आजपासनं तुमची पन्नास माणसं बंद," ती म्हणाली. "आत्या बंद, काका बंद, पाला बंद, तू बी बंद." मी तोंड उघडणार तोच तिनं लाइनीच्या पलीकडं हाक मारली. "ओ पाटेवालं! हिकडं या."

तिथल्या बाकावर एक आडदांड माणूस तीन आठवडे बसून असायचा. ट्रकला पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसवायचं गॅरेज होतं त्याचं, म्हणून सगळे त्याला पाटेवालेच म्हणायचे. वय आण्णांएवढंच. बायको किडनीच्या वॉर्डात. ती बहुतेक वेळ झोपलेली असायची आणि हा बाकावर भिंतीला टेकून बसलेला. कुणाशी बोलायचा नाही, पुढ्यातला डबा तसाच परत जायचा. माझं सगळं सांगणं बाकावर त्याच्या कानावर गेलंच होतं, तो उठून आला. आक्कानं पिवळ्या पासावर आण्णांच्या खाटेचा नंबर घातला.

"त्या फायनलला तुम्ही कुठनं खेळत हुता?" तिनं विचारलं.

"बॅकला," तो म्हणाला. पाटीकडं बघून आवाज खाली आणला. "का वो?"

"जावा. बसून या. आन् मनात हाय ते बोला, मी काय म्हणणार न्हाय."

मी लपून मागे गेलो. वॉर्डाच्या दाराआड उभा राहिलो. पाटेवाले खाटेशी बसले, आण्णांचा पाय बघितला, आण्णांचं तोंड बघितलं, आणि पहिलंच वाक्य, नमस्कार नाही, चमत्कार नाही :

"ऑफसाइड हुता तू."

आण्णांनी भिंतीवरून मान फिरवली. चार दिवसांत पहिल्यांदा. "कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. मी बॅक हुतो. हातभर म्होरं हुतास माज्या."

"डोळं फुटल्यालं का तुजं? हातभर मागं हुतो!"

"आरं जा!"

सिस्टर पळत आली. बी.पी. मोजला, वाढलेला. तिनं पाटेवाल्यांना बाहेर काढलं. बाहेर पडताना पाटेवाले दारातनं ओरडले, "आन् अंगठ्याचं काय घेऊन बसलाईस! त्यो गोल तुज्या अंगठ्यानं मारलाच न्हाय. लाइनमननं मारलाय! झेंडा उचलला असता तर कुठला गोल? काढून टाक त्यो अंगठा, त्येचा काय संबंध हाय!"

आण्णा तीनताड उडाले. त्या क्षणी मला पाटेवाल्यांचा गळा धरावासा वाटला. बाकावर बसल्यावर मी त्यांना हे बोललोसुद्धा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "खिडकीतल्या बाईनं सांगितलं मनातलं बोल म्हणून. आता तिच्यापाशी ह्यो विषय बोलायचा म्हंजे... तिचाच बाप हुता की लाइनमन."

मी बाकावर त्यांच्याकडं सरकलो. मग त्यांनीच सांगितलं. त्या फायनलनंतर पलीकडच्या तालमीच्या पोरांनी लाइनमनच्या दाराला फुटके चष्मे आणून बांधले. एक दिवस नाही, महिनाभर. आंधळा म्हणून हाक मारायचे. तो माणूस परत मैदानावर गेला नाही, कुणी फुटबॉलचं नाव काढलं की उठून जायचा. "त्या चष्म्यांत चार माझं हुतं," पाटेवाले म्हणाले. मला ती पाटी कळली, डोळ्यांच्या डॉक्टरांवरचा राग कळला, आणि तिनं खिडकीत मिटलेले डोळेही कळले. आणि आपण आधी तिला काय काय बोललो ते आठवून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटेवाल्यांना सिस्टरनं आत सोडलं नाही, तर आण्णांनीच आरडाओरडा केला, "त्येला सोडा आत! मला त्येला दावायचं हाय!" रात्रभर त्यांनी बिस्किटाच्या पुड्याच्या पाठीवर मैदान काढलं होतं. गोळ्यांच्या पाकिटांचे गडी मांडले. पाटेवाल्यांनी एक पाकीट पुढं सरकवलं, आण्णांनी मागं घेतलं. पाटेवाले म्हणाले, "तू आज न्हाय तर उद्या जाणार. मग मी पेठभर सांगत फिरनार, चोरीचा गोल हुता. कोण आडवणार मला?"

आण्णांनी पाकिटं बाजूला सारली. मग त्यांनी मॅडमना बोलवायला सांगितलं.

"काढा बोटं," ते म्हणाले. "तीन काढा, पाच काढा. पर मला जित्ता ठेवा. ह्या माणसाचं तोंड बंद केल्याबिगार मला मरायचं न्हाय."

मॅडमना काही कळलं नाही. त्यांनी कागद पुढं केला आणि आण्णांनी त्या बिस्किटाच्या पुड्यावर ठेवून सही केली. मी जिन्यात जाऊन रडलो. सांगायला कसली लाज, हमसून हमसून रडलो.

ऑपरेशन झालं. तीन बोटं गेली, पाय राहिला, माणूस राहिला. पाटेवाले रोज यायचे. भांडण रोज व्हायचं आणि भांडता भांडता ते आण्णांच्या डब्यातली भाकरी खायचे. सिस्टरनं बी.पी. मोजायचं सोडून दिलं. खिडकीत बसते ती लाइनमनची लेक, हेही आण्णांना असंच एका भांडणात कळलं.

डिस्चार्जच्या दिवशी मी आण्णांची चाकाची खुर्ची ढकलत निघालो. खिडकीसमोर आल्यावर ते म्हणाले, "थांब."

आक्का शिक्के मारत होती. "पास जमा करा," मान वर न करता म्हणाली.

"करतो. एक सांगायचं हाय आक्का. तिसऱ्या ओळीतलं."

शिक्का थांबला.

"त्यो गोल ऑफसाइड हुता," आण्णा म्हणाले. "हातभर. मला तवाच ठावं हुतं. मी बोललो असतो तर तुमच्या दाराला चष्मं लागलं नसतं. सतरा वर्साचा हुतो, खांद्यावर बसलो आन् बोलायचं राहूनच गेलं."

माझ्या जन्मापासून ऐकलेली गोष्ट, बारशाची, बाराव्याची! खोटी! मला त्यांचा एवढा राग आला की खुर्ची तिथंच सोडून निघून जावंसं वाटलं. पण आण्णा आक्काच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मी थांबलो.

आक्का म्हणाली, "ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"आबांनीच. लई वर्सांनी, जायच्या आधी. त्यांची नजर घारीची हुती पावणं, मरूस्तवर चष्मा लागला न्हाय त्यास्नी. समदं दिसल्यालं."

"मग झेंडा का उचलला न्हाय?"

"म्हणालं, एक पोरगं अनवाणी पळत हुतं. अंगठ्यातनं रगात येत हुतं. त्येच्यावर झेंडा उचलायला हातच वर झाला न्हाय." तिनं पदरानं नाक पुसलं. "चष्मं बांधलं तरी कुणाला बोललं न्हाईत. म्हणायचं, बोललो तर त्या पोराचा गोल जाईल."

आण्णांनी तिच्यापुढं हात जोडले आणि तसेच बसून राहिले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. मागे लाइन वाढत होती.

आक्कानं शिक्का पुन्हा उचलला. "चला, खिडकी आडवू नका. मंगळवारी ड्रेसिंगला येणार न्हवं?"

"येणार की. पाटेवाल्याला बी खरं सांगतो. त्येचं बी डोकं शांत होईल."

"खबरदार!" आक्काचा आवाज पुन्हा सहा फुटी झाला. "त्येची बायको अजून आत हाय. ती घरी जाईस्तवर त्यो गोल झाल्यालाच हाय. कळलं का?" आणि तिनं मंगळवारचा एक पिवळा पास फाडून आण्णांच्या मांडीवर टाकला.

मंगळवारी ड्रेसिंग झालं, आण्णा काठी टेकत किडनीच्या वॉर्डात पाटेवाल्यांच्या बायकोला भेटून आले आणि पाटेवाल्यांच्या बाकावर बसले. मी शाहूवाडीच्या आजीला तिकडचा पाऊस सांगून आलो होतो आणि खिडकीशी परीक्षा देत उभा होतो. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून सगळा व्हरांडा दणाणला :

"हातभर मागं हुतो मी! हातभर!"

लाइनीतली माणसं पाटीकडं बघायला लागली. आक्कानं ऐकलं आणि पुढच्या पासावर शिक्का मारला.